थर्मोस्टॅट कोणी काढला

मित्रांनो, मी एक जुनी, सात सीटांची डिझेल गाडी आहे आणि माझा माझ्या मालकावर राग आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना गोड बोलावं, मालकाचे उपकार मानावेत, अशी पद्धत आहे हे मला ठाऊक आहे. पण नंदुरबार तालुक्यातल्या तापीकडच्या एका गावात, कडुनिंबाखाली, मी इंजिन जाम होऊन उभी आहे. माझ्या बोनेटवर कोंबड्या बसतात. गोड बोलणं आता मला जमायचं नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्र्यांना आकार आला, इंजिन बसलं, पांढरा रंग चढला आणि मी बाहेर पडले. पहिली आठ वर्षं मी सुरतच्या एका कापड व्यापाऱ्याकडे काढली. त्याने माझे फार लाड केले असं नाही. पण गाडीतलं आपल्याला काही कळत नाही, एवढं त्याला कळत होतं. मी कुरकुर केली की तो मला मेकॅनिककडे सोडायचा आणि स्वतः दुकानात जाऊन बसायचा. तेव्हा मला तो रुक्ष माणूस वाटायचा. आज त्याची फार आठवण येते.

मग मला योगेंद्रने विकत घेतलं. हा ग्रामसेवक. घर तापीकडच्या गावात, शेती वडिलांची, नोकरी खांडबाऱ्याच्या बाजूला. स्वभावाने वाईट नाही, पण सल्ला विचारल्याशिवाय त्याच्याने चपलासुद्धा घेववत नाहीत. मला घेण्याआधी त्याने मोबाइलवरच्या एका ग्रुपला विचारलं. त्या ग्रुपवर दोनशे गाडीवाले होते आणि दोनशेही जण हुशार होते. पेट्रोल घ्या, डिझेल घ्या, गुजरातची घेऊ नका, गुजरातचीच घ्या. शेवटी त्याचा शालक नवनीत पुढे झाला. नंदुरबारला त्याचं मोबाइलचं दुकान आहे आणि तो ग्रुपही तोच चालवतो. नवनीतने येऊन माझ्या चारी टायरांना लाथा मारल्या, चारी दारं आपटून पाहिली आणि मान डोलावली. लाथ मारून गाडीचं काय कळतं, हे मला कोणी सांगेल तर बरं.

पण सुरुवात चांगली झाली, हे कबूल करते. योगेंद्रच्या बायकोने, चेतनाने, मला हळदकुंकू लावलं. चाकांखाली लिंबं ठेवली. वडील पितांबरआप्पांनी तर मला रोज धुवायचं काम स्वतःकडे घेतलं. त्यांच्या खळ्यात एक बोअर आहे. त्या बोअरचा त्यांना भारी अभिमान. सगळी गल्ली त्याचंच पाणी भरते. आप्पा मला त्या पाण्याने धूत आणि त्याच पाण्याने माझं रेडिएटरही भरत. प्रेमानेच भरत. पण ते पाणी जड होतं. भांड्यांच्या बुडाला जसा पांढरा थर बसतो, तसा तो माझ्या आतल्या नळ्यांमध्ये बसू लागला.

दुसऱ्या उन्हाळ्यात मी तापायला लागले. योगेंद्रने मला खांडबाऱ्याला स्टेशनजवळ स्टीफनच्या गॅरेजमध्ये नेलं. स्टीफन नवापूरकडच्या डोंगरातल्या गावचा. कमी बोलायचा, पण बोललं की शाळेतल्या गुरुजींसारखं नीट मराठी. त्याने माझं रेडिएटर उतरवलं, आतला पांढरा चुरा एका कागदावर काढला आणि योगेंद्रसमोर धरला.

"साहेब, हे बोअरचं पाणी आहे. आता पाण्याऐवजी दुकानातलं कूलंटच टाका. थर्मोस्टॅट मी बघितला, तो चांगला आहे. त्याला हात लावू नका."

थर्मोस्टॅट म्हणजे माझ्या पोटातली मुठीएवढी एक झडप. इंजिनाला किती पाणी कधी द्यायचं, हे ती ठरवते. एवढीशी वस्तू, पण तिच्यावाचून माझा हिशेबच चुकतो.

योगेंद्रने घरी येऊन स्टीफनचा निरोप सांगितला आणि आप्पांच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"मन्हा बोरनं पानी बठी गल्ली पेस," ते म्हणाले. "माणसंले चालस आन या डबडाले चालत नही?"

मला डबडं म्हणाले. रोज पुसणारा माणूस. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम बादली भरून आणली आणि माझं झाकण उघडून काठोकाठ ओतली. योगेंद्र दारात उभा राहून पाहत होता. वडिलांना तो काही बोलला नाही. न बोलणं ही त्याची जुनी खोड.

महिनाभरात मी पुन्हा तापले. या वेळी योगेंद्रने ग्रुपवर विचारलं आणि रविवारी सकाळी पान्ह्यांचा डबा घेऊन नवनीतच आला.

"दाजी, थर्मोस्टॅट थंड मुलूखना करता ऱ्हास," तो म्हणाला. "आपला खान्देशमा त्यानं काय काम शे? काढी टाका."

"स्टीफननी सांगं व्हतं, हात लावू नका."

"तो असंच सांगी. त्यानं पोट चालस त्यावर."

मित्रांनो, आमच्या भागात उन्हाळा पंचेचाळीसपर्यंत जातो. त्यामुळे हे बोलणं सगळ्यांना पटतं. निम्म्या जिल्ह्याच्या गाड्यांमधून थर्मोस्टॅट असेच काढून फेकलेले आहेत. चेतना चहाचे कप घेऊन उभी होती. योगेंद्रने मोबाइलची बत्ती धरली. नवनीतने तीन बोल्ट सोडले, झडप काढली, भिंतीपलीकडे भिरकावली आणि बोल्ट पुन्हा आवळले. दोघांनी चहा प्यायला. मला कोणी विचारलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

एप्रिलात सगळ्यांनी वणीच्या गडावर देवीला जायचं ठरवलं. कोणत्या रस्त्याने जावं, यावर ग्रुपवर दोन दिवस रणधुमाळी चालली. साक्रीने जा, चरणमाळचा घाट घ्या, घाटात एसी लावू नका, बिनधास्त लावा. शेवटी चरणमाळ ठरला. भर दुपारी, आठ माणसं, डिक्कीत पुरणपोळ्यांचे डबे आणि एसी पूर्ण सोडलेला. घाटाच्या निम्म्यात माझा लाल दिवा लागला. हा दिवा म्हणजे माझी जीभ. मला एवढं एकच वाक्य बोलता येतं. नवनीत म्हणाला, "वर जाईसन थांबू." वर पोचण्याआधीच माझं पाणी उकळून बाहेर आलं आणि इंजिनाच्या हेडचं पॅकिंग फाटलं. बायकामाणसं रस्त्याच्या कडेला उन्हात दोन तास उभी होती. आप्पांनी चारचौघांत मुलाचा उद्धार केला. देवीचं दर्शन राहिलं आणि मला दोरीला बांधून खांडबाऱ्याला ओढत आणलं.

स्टीफनच्या गॅरेजमध्ये तेव्हा पाचसहा गिऱ्हाइकं बसलेली होती. त्याने माझं बोनेट उघडलं, तीन बोल्ट सोडले, आत बोट घालून पाहिलं आणि हात पुसत उभा राहिला.

"थर्मोस्टॅट नाही. कोणी काढला?"

योगेंद्रने नवनीतकडे पाहिलं. नवनीतने आप्पांकडे पाहिलं. आप्पा आधीच पेटलेले होते.

"मांगला खेपले गाडी तूच खोलेल व्हती," नवनीत स्टीफनला म्हणाला. "तूच काढं व्हई. चांगला देखीसन इकी टाका व्हई."

स्टीफनने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो योगेंद्रला म्हणाला, "साहेब, गाडी तुमची आहे. तुम्ही सांगा, कोणी काढला?"

आणि माझा मालक मूग गिळून बसला. त्याने स्वतः बत्ती धरली होती. माझ्यासमोर, माझ्या मडगार्डवर कोपर टेकून धरली होती.

"मग गाडी घेऊन जा," स्टीफन म्हणाला. "तुम्ही सांगेपर्यंत मी या गाडीला हात लावणार नाही."

त्या संध्याकाळी ग्रुपवर मजकूर पडला. खांडबाऱ्याचा स्टीफन चांगले पार्ट काढून घेतो, सावध राहा. लिहिला नवनीतने, पण खाली 'खरं आहे' असं योगेंद्रने लिहिलं. ग्रामसेवकाचं म्हणणं कोण खोटं धरणार? मजकूर फिरत फिरत नवापूरपासून अक्कलकुव्यापर्यंत गेला. स्टीफनच्या गॅरेजमध्ये गाड्या येईनाशा झाल्या. पंचायतीची जीप बंद झाली, शिक्षकांच्या गाड्या नवापूरला जाऊ लागल्या. त्याची बायको रंजना शेतात मजुरीला जायला लागली. हे सगळं मला माझ्या शेजारी उभं राहून बिड्या ओढणाऱ्यांच्या तोंडून कळायचं. ऐकताना योगेंद्रची मान खाली असायची. चेतनाचीही. तिलाही सगळं ठाऊक होतं, पण नवनीत तिचा भाऊ पडला. माझा तिच्यावरही राग आहे.

मला मात्र कोणी दुरुस्त केलं नाही. नंदुरबारला एकदा नेलं, तिथे वरवर पॅकिंग बदललं, तेवढंच. मग मी कडुनिंबाखाली उभी राहिले. एक पावसाळा गेला, एक हिवाळा गेला. दुसरा जून आला तेव्हा ग्रुपने सल्ला दिला, विकून टाक. कशी विकायची, तेही सांगितलं. जाड ऑइल भर म्हणजे धूर दिसणार नाही. नवनीतने ऑइल भरलं आणि वर माझ्या लाल दिव्याची वायर तोडली. माझी जीभच कापली त्याने. मित्रांनो, मला घाटात ओढलं, दोरीने बांधलं, ते मी विसरेन. हे विसरणार नाही.

गिऱ्हाईक आलं ते अक्कलकुव्याच्या वरचं, डोंगरातलं. नाव रेंग्या. त्याला बाजाराच्या दिवशी माणसं ने-आण करायला गाडी हवी होती. तो एकटा आला नव्हता. स्टीफन पूर्वी अक्कलकुव्याच्या एका गॅरेजमध्ये कामाला होता, तेव्हापासूनची दोघांची ओळख. रेंग्याच्या मोटरसायकलवरून मागून स्टीफन उतरला तेव्हा योगेंद्रचा चेहरा उतरला.

"या चोरले मन्हा दारशे काब्र लई उना?" स्टीफनला दारात का आणलं म्हणून आप्पा रेंग्यावर कडाडले.

"मला गाडीतलं कळत नाही," रेंग्या शांतपणे म्हणाला. "आमच्याकडे मोलगीचा घाट आहे. गाडीत बायापोरं बसतील. मला कळत नाही म्हणून कळणाऱ्याला आणलं."

स्टीफनने मला चालू करायला सांगितलं. एसी लावायला सांगितला. मग तो माझ्या वरच्या नळीवर हात ठेवून उभा राहिला. पाच मिनिटं झाली. माझ्या आत पाणी सळसळायला लागलं. दहा मिनिटं झाली. मी जीव तोडून सांगत होते, पण दिवा लागतच नव्हता.

"खूप तापली आहे," स्टीफन म्हणाला. "दिवा का लागत नाही, साहेब? बंद करू का?"

गाडी बंद करायची म्हणजे का करायची ते सांगावं लागणार. योगेंद्रने नवनीतकडे पाहिलं.

"ऱ्हाऊ दे चालू," नवनीत म्हणाला. "फस्ट क्लास गाडी शे. रेस दीसन दखाडस." आणि त्याने आत बसून माझा अॅक्सिलेटर दाबून धरला.

"साहेब, इंजिन जाईल. मालक तुम्ही आहात. बंद करू का?"

योगेंद्र वडिलांकडे पाहत होता. मी आतून भाजत होते. लोखंडाला लोखंड घासत होतं, आणि तो माणूस आपली लाज सांभाळत उभा होता.

तेव्हा ओट्यावरून चेतना बोलली. मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"आते बंद करा ती. थर्मोस्टॅट नवनीतनी काढं. मन्हासमोर काढं. यास्नी मोबाइलनी बत्ती धरेल व्हती."

स्टीफनने दारातून हात घालून चावी फिरवली. पण त्याआधीच माझ्या पोटात काहीतरी कडाडलं आणि मी जागच्या जागी थांबले. पुन्हा चावी फिरवली, मी हलले नाही. स्टीफनने खाली वाकून ऐकलं आणि मान हलवली. इंजिन जाम झालं होतं.

नवनीत माझ्यातून उतरला आणि आपल्या मोटरसायकलला किक मारून निघूनच गेला. आप्पा मुलासमोर येऊन उभे राहिले.

"मंग चौदा महिना गुपचूप काब्र बठना?"

योगेंद्रने खिशातून मोबाइल काढला. "काय लिखू?" त्याने स्टीफनला विचारलं. बघा मित्रांनो, यातसुद्धा सल्ला.

"जे झालं ते लिहा."

त्याने ग्रुपवर लिहिलं. थर्मोस्टॅट मी आणि नवनीतने काढला, स्टीफनने काढला नव्हता. स्टीफनने ते दोनदा वाचलं. आप्पा घरात गेले आणि पाण्याचा तांब्या घेऊन आले. त्यांनी तो स्टीफनपुढे धरला. स्टीफनने पाणी घेतलं नाही. "माझ्या बायकोला चौदा महिने लोकांच्या शेतात पाठवलंत," एवढं म्हणून तो रेंग्याच्या मागे बसला आणि गेला. मला त्याचा राग आला नाही.

त्या मजकुराखाली संध्याकाळपर्यंत तीन जणांनी अंगठ्याचं चित्र टाकलं. नंतर योगेंद्रने खाली लिहिलं, इंजिन जाम झालंय, काय करावं? त्याला एकसष्ट सल्ले आले.

तर मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कोणी असेल तर तिला कूलंट घाला, दिवा लागला की थांबा, आणि ज्याला कळतं त्यालाच विचारा. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. चूक झाली तर त्याच दिवशी सांगून टाका. स्टीफनकडे दोन दिवसांत मी बरी झाले असते. माझ्या मालकाने मात्र एक वाक्य चौदा महिने पोटात ठेवलं, आणि शेवटी तेही त्याच्या बायकोला बोलावं लागलं.