महालक्ष्म्यांच्या जेवणाला भोंगा

उस्मानपुऱ्यातल्या तात्यासाहेबांनी चोराची इतकी धास्ती घेतली होती, की ते बघून चोरालाच ओशाळं वाटलं असतं. वाळूजच्या कारखान्यात स्टोअर सांभाळून रिटायर झालेला माणूस. कुलूप लावलं की ओढून बघायचं, दहा पावलं जाऊन परत येऊन पुन्हा ओढायचं. त्यात मागच्या गल्लीत दिवसाढवळ्या एक घर फुटलं आणि तात्यांची झोप उडाली ती उडालीच.

खरी काळजी एकाच गोष्टीची होती. भादव्यात घरी महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, यायच्या. बैठकीत दोघी उभ्या, जरीच्या साड्या नेसलेल्या, आणि घरातलं होतं नव्हतं ते सोनं त्यांच्या अंगावर. त्यातच बायकोच्या, मनकर्णाबाईंच्या, आईची पुतळ्यांची माळ. आई गेली, माहेर मोडलं, माळ तेवढी राहिली. ती गेली तर बायको कोलमडेल हे तात्यांना पक्कं ठाऊक होतं. तोंडानं मात्र ते "सोन्याचे भाव बघा" एवढंच म्हणायचे. बायकोवरची माया बोलून दाखवायची म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं.

आणि रीत अशी, की जेवणाच्या दिवशी नैवेद्य दाखवला की बैठकीचं दार लावून सगळ्यांनी बाहेर व्हायचं. त्या निवांत जेवतात, माणसानं डोकवायचं नाही. धूर कोंडू नये म्हणून मागची खिडकी तेवढी उघडी. म्हणजे सगळं सोनं एका खोलीत आणि राखायला कुणी नाही. चोराला आवतण आणखी कसं देतात?

तात्यांनी बन्सीच्या विजेच्या सामानाच्या दुकानातून चोर शिरला की बोंबलणारा भोंगा आणला. बैठकीच्या भिंतीवर हालचाल टिपणारी पांढरी डबी, गच्चीवर भोंगा, दाराबाहेर तो चालू-बंद करायला आकड्यांची बटणं. "आत मांजर हललं तरी सगळी गल्ली गोळा होईल, टेन्शनच नाय," बन्सी म्हणाला. तात्या इतके खूश झाले, की खिडकीची गंजलेली जाळी काढून भंगारात दिली. नवी कशाला, भोंगा आहे की.

"आन् महालक्ष्म्या हलल्या तर?" मनकर्णाबाईंनी विचारलं. बन्सी हसला. त्या हसल्या नाहीत. लग्न होऊन आल्यापासून दर वर्षी दार उघडलं की त्या आधी ताटाकडे बघायच्या, एखादा घास मोडलेला दिसतो का म्हणून. आजवर दिसला नव्हता.

जेवणाचा दिवस आला. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळ्या, सगळं मांडून झालं. दार लावलं, तात्यांनी आकडे दाबून भोंगा चालू केला. घरातली माणसं जरा टेकतात तोच भोंगा बोंबलायला लागला.

तात्या धावले. बघतात तर मनकर्णाबाई दाराला पाठ लावून उभ्या.

"सरक. आत कुणीतरी हाय."

"हायेतच. जेवतायत."

"अगं, चोर शिरला असंल."

"आन् त्या असल्या तर? भरल्या ताटावरनं उठवता का?"

तात्यांचा हात कडीपर्यंत गेला आणि माघारी आला. एकीकडे चोराची भीती, दुसरीकडे देवीचा कोप, आणि मधे बायको. माणसानं करावं तरी काय?

गल्ली मात्र बन्सीच्या शब्दाला जागली. शेजारच्या अनसूयाबाई आल्या, त्यांच्यामागं हळदीकुंकवाला निघालेल्या सगळ्या बाया. "त्या हलल्या," मनकर्णाबाई म्हणाल्या. झालं. चोर धरायचं राहिलं बाजूला. बायांनी हात जोडले, टाळ्या धरल्या आणि भोंग्यावर आवाज चढवून आरती सुरू केली. तात्या घामाघूम होऊन आकडे दाबत होते आणि चुकत होते.

आरती संपल्यावरच दार उघडलं. सोनं जिथल्या तिथं, माळ गळ्यात. ताटातली एक पोळी मात्र नव्हती. मनकर्णाबाई उंबऱ्यातच बसल्या आणि रडायला लागल्या. दार तर बंद होतं, तेव्हा महालक्ष्म्या खिडकीतूनच आल्या, असं बायांनी ठरवून टाकलं.

खिडकीखाली अंगठा तुटलेली एक चप्पल पडली होती. तात्यांनी ती उपरण्यात गुंडाळली. आई गेल्यापासून बायकोचा चेहरा इतका उजळलेला त्यांनी पाहिला नव्हता. चप्पल त्यांनी कोठीत पोत्यामागं सारली.

पुढच्या वर्षी मनकर्णाबाईंचा हुकूम झाला, की भोंगा बंद, महालक्ष्म्या दचकतात. आणि खिडकीला जाळीही नको. दार लागलं तशी त्यांनी परसात खिडकीखाली खुर्ची टाकली आणि काठी घेऊन बसले.

जरा वेळानं मनकर्णाबाई आल्या. "इथं काय करताय?"

"ऊन खातोय."

"भादव्याचं?" त्या शेजारी पायरीवर टेकल्या. "ती चप्पल पोत्यामागं कशाला ठेवली होती? उंदरांनी कुरतडली. मी कवाच टाकून दिली."

तात्या खुर्चीतल्या खुर्चीत त्यांच्याकडे वळले. "तुला ठाव होतं? मग जाळी का नको म्हणतेस? चोर होता तो."

"व्हय, चोरच होता. आईची माळ हाताच्या अंतरावर, आन् त्यानं आधी पोळी उचलली. किती भुकेला असंल तो. त्याला महालक्ष्म्यांनी जेवू घातलं. मग आल्या होत्या का नाय, सांगा."

"आन् यंदा माळ गेली म्हंजे?"

मनकर्णाबाईंनी पदर बाजूला केला. माळ त्यांच्याच गळ्यात होती.

"आन् खिडकीपाशी एक पोळी जास्तीची ठेवलीय," त्या म्हणाल्या.

तात्यांनी उठून काठी भिंतीला टेकवली आणि खुर्ची खिडकीपासून जरा लांब सरकवली.