यमाचं घर गल्लीबाहेर

आण्णा गेले त्याच आठवड्यातल्या रविवारी सकाळी त्यांच्या मुलीने, आम्रपालीने, टीव्ही लावला, चहाचं आधण चढवलं आणि बाहेरचं दार सताड उघडं ठेवलं. कुणी आलं नाही.

सांगलीच्या विश्रामबागेतल्या त्या दोन खोल्यांत गेली दोन वर्षं रविवारची सकाळ ठरून गेलेली होती. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. दूरदर्शनवर ‘गगन गली’ नावाची कार्टून मालिका लागायची. कुठल्या तरी परदेशात बनलेली आणि हिंदी बोलणारी. त्यात एक गल्ली होती. गल्लीच्या तोंडाशी सूरजदादीचं घर आणि पुढे ओळीने ग्रहांची घरं. बुध सदा पळत असायचा. शुक्र त्यात बाई होती, ती आरशासमोरून हलायची नाही. गुरू पैलवानासारखा दार अडवून बसायचा, शनी आपल्या अंगाभोवतीची कडी पुसत राहायचा. सगळ्यांत शेवटी वरुणाचं घर, आणि तिथे गल्ली संपायची. त्याच्याही पुढे, ओसाडीत, एक खोपटं होतं. ते यमाचं. यम एवढासा, निळसर अंगाचा. तो फारसा बोलायचा नाही.

मालिका लहान मुलांची. पण आण्णांकडे ती बघायला जमायची ती साठी ओलांडलेली मंडळी. टेलिफोन खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले स्वतः आण्णा. फौजेतून हवालदार होऊन परतलेले गुंडाकाका. त्यांच्या पत्नी रंगूबाई. आणि कोपऱ्यावरचे आकाराम शिंपी. गुंडाकाकांच्या घरी याहून मोठा टीव्ही होता. पण कार्टूनवरून सुनेसमोर भांडायची त्यांना लाज वाटायची, म्हणून सगळे इकडे.

भांडण म्हणजे खरोखरच भांडण. मालिका अर्ध्या तासात संपायची आणि बैठक जेवणवेळेपर्यंत चालायची. शनी रात्री कडी उतरवून कुठे ठेवतो? मंगळ तापट, तर मग सूरजदादीपुढे मान खाली का घालतो? रंगूबाई शनिवारी शनीला तेल घालून यायच्या आणि रविवारी त्याला पोट धरून हसायच्या. आण्णा त्यांना चिडवायचे, “वैनी, काल तेल घातलं आन् आज हसताय व्हय? त्यो बघतोय बरं का!” रंगूबाई म्हणायच्या, “ह्यो येगळा, त्यो येगळा. आन् तुमी कशाला बोलताय भावजी? तुमी तर गिरहच मानत न्हाई.”

“पत्रिकेतलं मानत न्हाई,” आण्णा म्हणायचे. “गल्लीतल्यांची वळख हाय माजी.”

पण सगळ्यांत जुना वाद यमाचा. त्याचं घर गल्लीबाहेर का?

गुंडाकाकांचं म्हणणं, यम पहारेकरी आहे. “बॉर्डरवरचा जवान हाय गड्या त्यो. गल्ली निवांत झोपती ती त्येच्या जिवावर. सोताच्या मर्जीनं ऱ्हायलाय.”

आण्णा म्हणायचे, “ठेवलाय त्येला.”

“कुनी ठेवलाय? दाव की!”

“ज्येनी गल्ली आखली त्येनी.”

आम्रपाली साताऱ्यात एका कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला होती. महिन्यातून एकदा ती शनिवारच्या गाडीने यायची आणि रविवारी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पुस्तक घेऊन बसायची. पुस्तकाचं पान बराच वेळ उलटलं जायचं नाही. एकदा वाद फारच रंगला, तेव्हा तिने वाचलेलं सांगितलं. खऱ्या आकाशात यम म्हणजे प्लूटो; हा शेवटचा ग्रह फिरता फिरता कधी कधी वरुणाच्या, म्हणजे नेपच्यूनच्या, कक्षेच्या आत येतो, सध्याही तो आतच आहे, आणखी दोनतीन वर्षांनी पुन्हा बाहेर जाईल.

गुंडाकाकांनी मांडीवर थाप मारली. “बघ! आत येतोय, जातोय. मग बाहेर ठेवलाय कसा म्हनतोस?”

आण्णा चहाच्या कपाकडे बघत म्हणाले, “कामापुरतं आत सगळ्यांनाच घेत्यात गुंडा.”

मग आकाराम शिंप्यांनी शुक्राच्या झग्याच्या शिलाईचा विषय काढला आणि बैठक पुढे सरकली.

आण्णा आणि गुंडाकाका एकाच गावचे, शिराळ्याच्या बाजूचे. गुंडाकाकांचं घर गावात, वाड्यांच्या ओळीत. आण्णांचं गावाबाहेर, ओढ्याकाठी. शाळेत एका वर्गात होते, पण दोस्ती जुळली ती सांगलीत, उतारवयात.

आण्णा मंगळवारी दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेले. गुंडाकाकांनी स्मशानापर्यंत खांदा सोडला नाही. शनिवारी बौद्ध रीतीने जलदान विधी झाला. भन्ते आले, त्रिसरण-पंचशील झालं, नागपूरहून आलेला आम्रपालीचा भाऊ कपिल चार शब्द बोलला. गुंडाकाका, रंगूबाई, आकाराम मागे हात जोडून उभे होते. पानं मांडली तसे तिघेही निघाले.

“काका, जेवून जा ना,” आम्रपाली दारात म्हणाली.

“आत्ता नगं पोरी,” खाली बघत गुंडाकाका म्हणाले आणि चपला पायांत सरकवून गेले. पाण्याचा घोटही घेतला नाही.

ती दारातच उभी राहिली. आण्णांच्या हातचा चहा दोन वर्षं प्यायलेली माणसं. की तो चहा टीव्हीबरोबरचा होता? या गोष्टीला एक जुनं नाव होतं, ते तिने मनातसुद्धा उच्चारलं नाही. पण ते जागेवर होतं. रात्री कपिल गेला. तिने स्वतःला बजावलं, उद्या सकाळी कळेलच. ते आले तर आपला संशय चुकला. नाही आले तर सोमवारी घराला कुलूप लावून साताऱ्याला जायचं आणि या गल्लीशी संबंध संपवायचा.

रविवारी कुणी आलं नाही. तिने एकटीने भाग पाहिला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, उंबऱ्यात नव्हे तर आण्णांच्या खुर्चीत. चहा उकळून उकळून काळा झाला होता, तो तिने मोरीत ओतला.

संध्याकाळी घरात होतं नव्हतं ते धान्य दळून न्यावं म्हणून ती गिरणीत गेली. तिथे पिठाने पांढऱ्या झालेल्या रंगूबाई भेटल्या. ती मान वळवणार तोच त्यांनी तिचा दंड धरला.

“एकटीच हायस व्हय गं? काय खाल्लंस का? पिठलं-भाकरी लावून दिलीती नातवाबरूबर, पोचली का?”

पोचली होती. कुणाकडून आली ते तिने विचारलंच नव्हतं. डबा तसाच झाकून ठेवला होता. “पोचली,” ती म्हणाली. मग राहवलं नाही. “सकाळी आला नाहीत, मावशी. मी टीव्ही लावून बसले होते.”

रंगूबाईंच्या हातातली पिशवी खाली टेकली. “टीव्ही लावलास? आगं, सुतकात?”

“सुतक?”

“मंग! तेरावं झाल्याबगार कसा लावायचा? आमच्या ह्येनी तर आमच्याबी घरात लावू दिला न्हाई. म्हनले, माझा भाऊ गेलाय. नातवंडं रडून रडून दमली. त्या आकारामालाबी दम दिला, बघितलंस तर तंगडं मोडीन म्हनून. शेवटून दुसरा भाग हुता गं! कुनी न्हाई बघितला.”

आम्रपाली गिरणीच्या खांबाला टेकली. चाकाच्या घरघरीत तिला आधी वाटलं आपण नीट ऐकलं नाही. मग हळूच म्हणाली, “मावशी, आमच्यात सुतक नसतं. तेरावंही नसतं. काल झालं तेच सगळं.”

“आत्ता गं बया,” रंगूबाई म्हणाल्या. दळण तिथेच ठेवून त्यांनी तिला ओढतच घरी नेलं.

गुंडाकाका पुढच्या खोलीत बाजेवर बसले होते, दाढी वाढलेली. तीही त्यांनी आण्णांसाठीच वाढवली असणार. आकाराम शिंपी कोपऱ्यात खुर्चीवर होते. बायकोने सगळं एका दमात सांगितलं.

“म्हंजे काल ते जेवान…”

“काल जेवायचंच होतं काका.”

“आन् मी तसाच उठलो.” त्यांनी कपाळावर हात मारला. “तेराव्याला पोटभर जेवीन म्हनलं. सुतकाच्या घरचं अन्न कसं… आगं, मला काय ठावं? आण्णानं कवा सांगितलं न्हाई.”

“तुम्ही कधी विचारलं होतं?”

ती हे आवाज न चढवता म्हणाली. काकांना मात्र ते लागलं. लहानपणी ते ओढ्यापलीकडच्या वस्तीत कुणाच्या मयताला गेले नव्हते, जायची रीतच नव्हती. आम्रपालीची आई मुक्ताबाई वारली तेव्हा ते जम्मूत होते.

“न्हाई इचारलं,” ते म्हणाले.

रंगूबाईंनी चहा टाकला. तो सगळ्यांच्या हातात आला. मग आकाराम शिंप्यांनी घसा खाकरला. “पोरी, राग मानू नगंस. पर तू बघितलास न्हवं आजचा? म्हंजे साऱ्या गल्लीत तू एकटीच…”

“आकाराम!” गुंडाकाका ओरडले. पण तेही तिच्याकडे बघायला लागले होते.

आम्रपालीने कप खाली ठेवला. भाग तिला फ्रेम न् फ्रेम आठवत होता. आणि त्यात जे झालं होतं ते आण्णांच्या विरुद्ध गेलं होतं. हे तिला सकाळीच कळलं होतं आणि दिवसभर आतून कुरतडत होतं. आता तीन माणसं तिच्या तोंडाकडे बघत होती. ती सांगेल तोच भाग खरा ठरणार होता. एक वाक्य बदललं असतं, यमाच्या तोंडी ‘मला हाकललं’ एवढंच घातलं असतं, तर दोन वर्षांचा वाद आण्णांनी जिंकला असता. पण आण्णा रविवारी कितीही भांडले तरी पडद्यावर नसलेलं कधी बोलले नव्हते.

तिने होतं तसं सांगायला सुरुवात केली. गल्लीतले सगळे दिवे जातात. पृथ्वी, मंगळ, बुध हातात कंदील घेऊन गल्लीबाहेर निघतात. ओसाडीत पावलांचा आवाज येतो. खोपट्याचं दार बंद. पृथ्वी बाहेरूनच विचारते, तू इथे एकटा का राहतोस? मग आतून यम म्हणतो…

ती थांबली.

“काय म्हनतोय?” गुंडाकाकांनी विचारलं.

“म्हणतो, ‘मुझे यहीं अच्छा लगता है. यहाँ हवा ठंडी है.’”

आकारामांनी काकांकडे बघितलं. “घ्या! जिकलासा तुमी. मर्जीनंच ऱ्हायलाय त्यो.”

गुंडाकाका हसले नाहीत. बाजेच्या नवारीवर बोट फिरवत ते बसून राहिले. मग म्हणाले, “खोटं बोलतोय त्यो.”

“कोण?” रंगूबाई म्हणाल्या.

“यम. साफ खोटं बोलतोय.” ते आम्रपालीकडे वळले. “तुझा आज्जा, आण्णाचा बा. मी असंन आठ-नऊ वर्सांचा. एका साली ओढा फुगला, तुमची वस्ती पान्यात गेली. माझा बा काठावर जाऊन वराडला, आमच्या गोठ्यात या रं समदी. तवा तुझा आज्जा पल्याडनं म्हनला, ‘नगं मालक, हितंच बरं हाय. वारं लागतंय.’ बा घराकडं आला, म्हनला, त्यास्नीच यायचं न्हाई. मलाबी पटलं. लय वर्सं पटलं हुतं.” ते थांबले. “गुडघाभर पान्यात कसलं वारं गं, पोरी? गोठ्यात या म्हनला बा. घरात या म्हनला न्हाई. म्हनून त्यो तसं बोलला. बाहेर ठेवल्यालं मानूस असंच बोलतंय.”

आम्रपालीने हे कधी ऐकलं नव्हतं. आण्णांनी ओढ्याचं, पाण्याचं सांगितलं होतं, वाऱ्याचं नाही.

“हे आण्णांना बोललात कधी?” तिने विचारलं.

“न्हाई.”

“दोन वर्षं भांडत होता की त्यांच्याशी.”

“त्येच्याम्होरं कसं बोलायचं? बाचं नाव काढावं लागलं असतं.” त्यांनी धोतराच्या सोग्याने नाक पुसलं. “आन् त्यो जिकला असता की! मग फुडच्या ऐतवारी कशावर भांडायचं?”

आम्रपालीला हसू आलं, आणि त्याच्या मागोमाग मंगळवारपासून अडून राहिलेलं सगळं. रंगूबाई शेजारी येऊन बसल्या. त्यांनी काही समजूत घातली नाही, नुसता पदर पुढे केला. तिने त्यात तोंड खुपसलं.

ती सावरल्यावर गुंडाकाकांनी हळूच विचारलं, “म्होरं काय झालं? उघडलं का न्हाई दार?”

“उघडलं. एवढंसंच. आतला उजेड बाहेर आला आणि भाग संपला.”

“कडी कुनी काढली?”

“त्यानेच. आतून.”

“आतनं व्हय?” काकांची पाठ जरा ताठ झाली. “मंग बघ. कडी आतनं असली तर त्यो कोंडल्याला न्हवं. पहाऱ्यावरचा मानूसच आतनं कडी लावतो…”

“झालं,” रंगूबाई म्हणाल्या. “आत्ता म्हनला खोटं बोलतोय, आन् लगीच पहारा!”

“त्ये त्येच्या बोलन्याबद्दल हुतं. ह्ये कडीबद्दल हाय.”

“कडी आतून असेल काका,” आम्रपाली ओल्या आवाजात म्हणाली, “पण गल्ली कुठे संपते हे त्याला विचारून ठरवलं होतं का?”

गुंडाकाका मांडी बदलून बसले. “आकाराम, खुर्ची फुडं घे,” ते म्हणाले. “रंगे, च्या टाक अजून. ही काय लवकर ऐकत न्हाई.”