शहापूरला गेलेली डोणी

गुरांनी पाणी प्यावे म्हणून घडवलेली दगडाची डोणी मी. जुनी, काळी, आणि पाच-सहा माणसांनी जोर लावला तरी जागची न हलणारी. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखी डोणी पाहिलीही नसेल. आता गोठ्यात प्लॅस्टिकचे निळे पिंप उभे कापून ठेवतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती वेगळीच.

माझा दगड मुरबाडकडच्या डोंगरातला. एका पाथरवटाने मला घडवले आणि बैलगाडीत घालून किन्हवली गावात कुंडलिक नावाच्या शेतकऱ्याच्या अंगणात, विहिरीजवळ आणून ठेवले. तेव्हा कुंडलिकचे लग्न अजून व्हायचे होते. पुढे सरस्वती त्याची बायको होऊन घरात आली, त्यांना शकू नावाची मुलगी झाली, आणि तिन्हीसांजेला मला भरायचे काम शकूकडे आले. ती कळशीमागून कळशी ओतायची. पाणी काठाशी आले की बैल आणि सावळी नावाची म्हैस येऊन तोंड घालायची. माझा काठ आज जो गुळगुळीत लागतो तो कुठल्या मशीनने केलेला नाही. तो गुरांच्या गळ्यांनी घासून घासून झाला आहे.

शकूला केसांचा नाद होता. शाळेत असल्यापासून ती वाडीतल्या मुलींना माझ्या काठाशी बसवून शिकेकाईने त्यांची डोकी धुवायची, मग वेण्या घालायची. लग्नघरातून सांगावा यायचा, "शकूला धाडा हो, नवरीची वेणी घालायचीय." बारावीनंतर ती रोज एसटीने कल्याणला जाऊन ब्यूटी पार्लरचे काम शिकली आणि शहापूरच्या एका पार्लरमध्ये लागली. तिथेच तिची हेतलशी मैत्री झाली. हेतल भिवंडीकडची. तिच्या घरच्यांचा शहापूरला, हायवेच्या बाजूला, एक रिकामा गाळा होता. दोन हजार पाच साली दोघींनी ठरवले की नोकरी पुरे. त्या गाळ्यात आपले पार्लर काढायचे, आणि पार्लरला जोडून स्पा.

स्पा म्हणजे काय ते मला शकूच्या बोलण्यातूनच कळले. विहिरीवर पाणी ओढता ओढता ती आईला समजावत होती.

"आई, बायका येतात, पाय पाण्यात सोडून बसतात, अंगाला तेल चोळून घेतात. जरा इसावा मिळतो."

"इसाव्याला दुकान लागतं गो?" सरस्वती म्हणाली.

शकू खळखळून हसली. तिच्या मनात सगळे आधीच मांडून झाले होते. त्या वर्षांत मुरबाडला आणि शहापूरला जुनी घरे पाडून स्लॅबची घरे उठत होती. दारे-खिडक्या चुलीत जात होत्या. शकूने ती लोकांकडून मागून आणली. खिडक्यांच्या चौकटीत तिने आरसे बसवले. सागाच्या वाशांच्या फळ्या केल्या. एक भिंत कारवीच्या काठ्यांची बांधली आणि तिला पेंढा मिसळून माती लिंपली. मंगळुरी कौले एकावर एक अशी लावली की मागच्या दिव्याचा उजेड फटींतून गाळून यावा. काळू नदीतले गोटे वेचून आणून तिने पाय धुवायच्या खोलीत अंथरले. मधोमध एक जागा मोकळी ठेवली होती. ती माझ्यासाठी.

एका सकाळी तिने कुंडलिककडे मला मागितले. त्याने गोठ्याकडे पाहिले. मग म्हणाला, "आनि सावळी कशात पानी पील?"

"तिला सिमेंटची टाकी बांधून देते, बाबा."

"बांध. पन हिला छिन्नी लावायची नाय. भोक तं मुळीच नाय. भोक पडलं का डोणी मेली."

"भोक कशाला? हंड्याने भरू, तांब्याने उपसू. मी सवता उपशीन."

"शब्द दे."

शकूने माझ्या काठावर हात ठेवला. "दिला."

बांबू, दोर, ट्रकचे जुने टायर आणि वाडीतली माणसे अशी सगळी जमवाजमव होऊन मी टेम्पोत चढले. सरस्वतीने त्याआधी मला शेवटचे भरले आणि सावळीला पाजले. नंतर कळले की सावळी पुष्कळ दिवस सिमेंटच्या टाकीला तोंड लावत नव्हती.

शहापूरला मला नदीच्या गोट्यांवर ठेवले तेव्हा हेतलचे डोळे चमकले. तिने शकूला मिठी मारली. "शकू, मला हे जन्मात सुचलं नसतं गं. कुठून येतं तुझ्या डोक्यात?" दोघींच्या केसांत चुना उडालेला होता. माझ्या काठावर बसून त्यांनी वडापाव खाल्ले. हेतल पाय हलवत म्हणाली, "आता कुणाच्या शिव्या खायच्या नाहीत. आपण दोघी मालकिणी." शकू नुसती हसत राहिली. मित्रांनो, मी अंगणातून उठून परक्या गावात आले होते, तरी त्या दिवशी मला परके वाटले नाही. खोटे कशाला सांगू, हेतल मलाही आवडली होती.

आषाढात किन्हवलीला भाताची लावणी सुरू झाली. घरात हात कमी, म्हणून शकू चार दिवस गावी गेली. ती गेल्यावर दुसऱ्याच दिवशी एक प्लंबर आला. त्याच्या हातात भोक पाडायचे मशीन होते. हेतलने त्याला माझ्या तळाशी खडूने खूण करून दिली.

तो आवाज मी विसरू शकत नाही. पाथरवटाची छिन्नी वेगळी असते. तिच्यातून मी झाले होते. हे मशीन माझ्या आरपार गेले. मी सारखी वाट पाहत होते की दार उघडेल, शकू धावत येईल आणि म्हणेल, थांबा. कुणी आले नाही. खाली पाइप जोडला, वरून नळ आला. मला वाटले, शकूला हे ठाऊक आहे. म्हणूनच ती गावी गेली.

ती परतली तेव्हा तिच्या नखांत अजून शेतातला चिखल होता. ती सरळ माझ्याकडे आली. वाकून तिने तळाला हात लावला, आणि तिचे बोट भोकात गेले. बोट तसेच ठेवून ती हेतलला हाका मारू लागली. तिला काहीच ठाऊक नव्हते, हे मला तेव्हा कळले.

"हेतल, हे काय केलंस?"

"अगं, रोज तांब्याने कोण उपसत बसणार? टाइम बघ ना. उद्घाटन आठवड्यावर आलंय."

"मी बाबांना शब्द दिला होता. तुला सांगितलं होतं मी."

"दगड आहे तो, शकू. त्याला काय कळतंय?"

घरी शकूने हे सांगितले नाही. उद्घाटन तरी नीट होऊ दे, मग बाबांची समजूत काढू, असे ती मनाशी म्हणाली असावी. उद्घाटन झाले. मुंबईहून नाशिकला जाणाऱ्या गाड्या थांबू लागल्या. बायका माझ्या पाण्यात पाय सोडून बसायच्या. पाण्यात लिंबाची फोड आणि गुलाबाच्या पाकळ्या असायच्या. "किती थंड वाटतं हो," असे सगळ्याजणी म्हणायच्या. माझे कौतुक फार झाले.

मग एके दिवशी ठाण्याहून वर्तमानपत्राची बाई आली. शकू त्या वेळी माझ्यासमोर गोट्यांवर बसून एका गिऱ्हाइकाच्या टाचा घासत होती. हेतलने माझ्या काठावर हात ठेवला आणि फोटो काढून घेतला.

"ही सगळी कल्पना तुमचीच?" बाईने विचारले.

"हो. मला लहानपणापासूनच जुन्या वस्तूंची आवड. आणि ही डोणी तर आमच्या घरची. माझ्या आजीने दिली."

शकूचा हात थांबला. गिऱ्हाइकाने विचारले, "काय झालं?" "काही नाही," म्हणून ती पुन्हा टाच घासू लागली.

बाई गेल्यावर शकू हेतलसमोर जाऊन उभी राहिली. "तुझी आजी कधी आली होती किन्हवलीला?"

"लोकांना अशी गोष्ट आवडते गं. त्यात काय एवढं?"

"आणि माझं नाव? आपण दोघी मालकिणी ना?"

हेतल आरशात बघून केस सारखे करत होती. "गाळा आमचा आहे, शकू. तुझा हात चांगला आहे, तुला कुणी जा म्हणत नाही. स्टाफमध्ये तूच मेन राहशील."

स्टाफ हा शब्द ऐकून शकूचा चेहरा कसा झाला ते मी पाहिले. मशीनने माझे केले ते या एका शब्दाने तिचे केले.

वर्तमानपत्र किन्हवलीलाही पोचले. कुणीतरी कुंडलिकला फोटो दाखवला आणि खालची ओळ वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी तो धुवट सदरा घालून शहापूरला आला. दारातल्या मुलीने विचारले, "अपॉइंटमेंट आहे?" तो तिच्याकडे न बघता आत आला. चपला त्याने बाहेरच काढल्या होत्या. मी त्या वेळी रिकामी होते. त्याने माझ्या काठावरून हात फिरवला, मग आत, मग तळाशी. तिथे हात थांबला.

शकू टॉवेल घेऊन दारात उभी होती.

"बाबा, हेतलनं केलं. मी लावणीला आले होते तेवा. मला म्हाईत नव्हतं."

कुंडलिक ओरडला नाही. ओरडला असता तर बरे झाले असते.

"तिला मी वलखत नाय," तो म्हणाला. "तुला वलखत होतो."

एवढे बोलून तो बाहेर पडला आणि चपला हातात घेऊनच एसटी स्टँडकडे चालू लागला. शकूने टॉवेल माझ्या काठावर टाकला, अंगावरचा एप्रन काढला आणि त्याच्यामागे गेली. त्या दुकानात ती पुन्हा कामाला आली नाही. मला मागायला मात्र आली, पुष्कळदा आली. दर वेळी हेतल म्हणायची, "दिलेली वस्तू परत मागतात का?"

तीन-चार वर्षांत नवी फॅशन आली. चकचकीत टाइल्स आल्या, स्टीलची पाळी असलेले टब आले. कारवीची भिंत पाडली, खिडक्या मागच्या बोळात फेकल्या, आणि पहारी लावून मलाही तिथेच ढकलले. माझ्यात सिमेंटच्या रिकाम्या गोण्या पडल्या. मग एक दिवस हेतलने आपणहून शकूला फोन केला. तिचे बोलणे मला बोळात ऐकू आले. "ती तुझी डोणी घेऊन जा बाई. जागा अडवतेय."

शकू त्याच दिवशी टेम्पो आणि वाडीतली माणसे घेऊन आली.

आता मी पुन्हा किन्हवलीला आहे, पण विहिरीजवळ नाही, गोठ्यामागे. गवंडी म्हणाला, सिमेंटने भोक बुजवतो. कुंडलिक नको म्हणाला. का, ते त्याने सांगितले नाही. सरस्वतीने माझ्यात माती भरून हळद लावली आहे.

शकूने घराच्या पडवीत स्वतःचे छोटे पार्लर काढले. त्यासाठी तिला गोठ्याच्या जुन्या फळ्या हव्या होत्या. मागताना ती बापाच्या तोंडाकडे बघत नव्हती. कुंडलिक म्हणाला, "नेऊ नको. मी आनून लावतो. खिळे कुठं मारायचे तेवडं दाव." त्याने दिवसभर बसून त्या लावल्या. मुलीच्या कामात हात लावला, की फळ्यांवर पहारा ठेवला, हे मला सांगता येत नाही. सरस्वतीलाही सांगता येत नाही.

मित्रांनो, जुनी दारे, जुने दगड जरूर न्या. चुलीत जाण्यापेक्षा आरशाची चौकट होणे केव्हाही चांगले. पण ती ज्याच्या घरातून आणली त्याचे नाव विसरू नका. आणि देताना त्याने एखादी अट घातली असेल, तर ती दुसऱ्या कुणावर सोपवू नका. तुम्ही स्वतः तिथे उभे राहा. शकूवर माझा राग नाही. रोज सकाळी तीच माझ्या हळदीला पाणी घालते. पण त्या दिवशी ती तिथे असायला हवी होती.