कुलपाबाहेरचं छप्पर

मित्रांनो, रविवार उजाडला की माझ्या पोटात गोळा येतो. ताडपत्रीला कसलं आलंय पोट, असं म्हणाल. पण मी एक जुनी, निळी, ठिगळं लावलेली ताडपत्री आहे आणि खरंच सांगते, मला भीती वाटते.

दूरच्या बेटावरच्या तोबा सरोवराच्या काठावरून पश्चिम जावात पोट भरायला आलेल्या बाताक ख्रिस्ती मंडळींनी मला लग्नकार्यासाठी विकत घेतलं. काय ते दिवस होते! माझ्या सावलीत नवरानवरीच्या खांद्यावर उलोस नावाचं विणलेलं मंगल वस्त्र पांघरलं जायचं, हळदीतल्या माशांवर ताव मारला जायचा. ही माणसं प्रेमानं बोलली तरी भांडल्यासारखी ओरडतात. शेजारच्या मुसलमान इबू एन्तिनला वाटायचं, इथे रोज मारामारी होते. पुढे लेकीच्या लग्नाला तिनं मला मागून नेलं, आणि आमच्या मंडळीतल्या रोसमाइदाशी तिची गट्टी जमली.

मग आमचे ग्रह फिरले. आमच्या चर्चला परवाना होता, तरी बाहेरून काही लोक येऊन आरडाओरडा करून गेले आणि नगरपालिकेनं दाराला कुलूप ठोकलं. मंडळी कोर्टात गेली. देशाच्या घटनेनं प्रत्येकाला आपल्या धर्माप्रमाणे प्रार्थना करण्याचा हक्क दिला आहे, कुलूप काढा, असं कोर्टानं सांगितलं. पण कुलूप काही निघालं नाही. तेव्हापासून मंडळी मला फाटकासमोर बांधून रस्त्यावरच प्रार्थना करू लागली.

रोसमाइदाची लेक लास्मा. जिथे आपलं लग्न लागलं, त्याच वेदीसमोर तिचा बाप्तिस्मा करायचा, असा रोसमाइदाचा हट्ट होता. वाट पाहता पाहता पोर चालायला लागली.

"काय गं इनांग, आता हिच्या लग्नातच बाप्तिस्मा उरकतेस का?" म्हातारे आमांग सितोरुस चिडवायचे. आमच्यात मानानं बाईला इनांग आणि पुरुषाला आमांग म्हणतात.

शेवटी ती म्हणाली, "जाऊ दे आमांग. रस्त्यावर तर रस्त्यावर. देवाला पत्ता सापडेल."

त्या रविवारी जमाव येणार अशी कुणकुण होती. कधी कुजबुजता न येणारी ती माणसं गाणीसुद्धा कुजबुजत म्हणत होती. पांडितांनी, म्हणजे आमच्या पाद्रीबाबांनी, पाण्याचं भांडं उचललं, आणि गल्लीच्या तोंडाशी गलका झाला.

त्यांच्यात गल्लीतलाच ओमान होता. त्यानं कोयत्यानं माझी एक दोरी सपकन तोडली. मी सगळ्यांच्या डोक्यावर कोसळले. माझ्याखाली लास्मा किंचाळली. रोसमाइदानं तिला छातीशी घट्ट धरलं. आता पेटवतात की काय मला? माझ्याखाली तर माणसं आहेत हो!

तेवढ्यात इबू एन्तिनचा आवाज आला.

"ए ओमान! याच ताडपत्रीखाली माझ्या लेकीच्या लग्नात परत परत भात मागून घेतलास ना रे? तेव्हा बरी गोड लागली!"

तिला याच गल्लीत राहायचं होतं. तरी तिनं माझं लोंबणारं टोक उचललं आणि हात उंच करून धरून ठेवलं. ओमाननं मान खाली घातली. जमाव हलला नाही, शिव्याही थांबल्या नाहीत, पण दुसऱ्या दोरीला कुणी हात लावला नाही.

"बाळाचं नाव?" पांडितांनी विचारलं.

"लास्मा!" रोसमाइदा ओरडली. अगदी बाताक ओरडतात तशी.

कुलूप अजून तसंच आहे. माझ्या दोरीला गाठ मारली आहे. लास्मा आता बोलते. "चर्च कुठे गं?" असं कुणी विचारलं की ती बंद दाराकडे बघतसुद्धा नाही, माझ्याकडे बोट दाखवते. मित्रांनो, त्या कोयत्यापेक्षा मला या बोटाची भीती वाटते.

म्हणून मला जपा, असं मी म्हणणार नाही. मी फाटले तरी चालेल. तेवढं ते दार उघडा, आणि मला पुन्हा कुणाच्या तरी लग्नाला न्या.