परग्रहावरच्या मामाचे गुडघे

स्पंज घामाने भिजला की त्याला शिळ्या पावासारखा वास येतो.

न्हाव्याला वाटतं, हा बायकोकडचा. बायकोला वाटतं, हा नवऱ्याकडचा. तोंडावर कोणीच विचारत नाही.

एका खोलीत दोन शिलाई मशिनी असल्या की खिडकी एकीच्याच वाट्याला येते.

रबरी कापड सुईला चिकटतं. सुईला आधी साबण चोळायचा.

थोरलीचा नवरा हसला की त्याला ठसका लागतो, म्हणून तो सहसा हसतच नाही.

पाव बोट म्हणजे काहीच नाही.

*

चित्रपट विनोदी होता. परग्रहावरचा एक प्राणी रस्ता चुकतो आणि एका न्हाव्याच्या दारात येऊन उभा राहतो. न्हावी सभ्य, त्याची बायको त्याहून सभ्य. हा समोरच्याच्या नात्यातला असणार असं दोघंही धरून चालतात, आणि कुठल्याही बाजूने खपेल म्हणून त्याला मामा म्हणू लागतात. मामा मग मुक्कामच ठोकतो.

या मामाची कातडी शिवायचं काम दोघी जावांच्या दुकानाला मिळालं. खरं म्हणजे थोरलीला मिळालं. धाकटी काज-बटणं करायची, आणि मामाला बटणं नव्हती.

थोरलीने जीव ओतला. बाहेरून शेवाळी रंगाचं रबरी कापड, आत स्पंज, त्याच्या आत मऊ अस्तर. पाठीवर सात वळ्या घातल्या आणि चेन चौथ्या वळीत अशी दडवली की कॅमेरावाल्याला ती बोट लावून दाखवावी लागली. तो म्हणाला, कमाल आहे बाई तुमची. हे वाक्य ती दोन दिवस मनात घोळवत होती.

मामाच्या आत शिरायला एक नाचणारा पोरगा ठरवला होता. तो कमरेपर्यंत आत गेला आणि म्हणाला, मला कोंडल्यासारखं होतंय. मग जो बाहेर पडला तो परत आलाच नाही. शूटिंग खोळंबलं.

दोन दिवसांनी मामाच्या आत धाकटी होती.

धाकटी अंगाने काटकुळी, तेव्हा कातडी आत घ्यावी लागली. ती आत घ्यायला थोरलीच बसली.

*

शूटिंग एका बंद पडलेल्या गोदामात चालायचं. मागच्या बाजूला पत्र्याच्या खोलीत थोरलीची मशीन ठेवली होती. तिथून सेट दिसत नसे, पण ऐकू सगळं यायचं. ऐकू यायचं ते हसणं.

पहिल्याच दिवशी धाकटी बादलीला अडखळली आणि पडता पडता बादलीचीच माफी मागितल्यासारखी वाकली. अख्खं गोदाम हसलं. शॉट संपला की थोरली जाऊन चेन उघडायची. आतून धाकटी निघायची, लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले, आणि तिच्यासाठी कोणीतरी पंखा धरून उभंच असायचं, कोणीतरी पाणी. कातडी मात्र थोरलीच्या हातावर पडायची, ओली, जड, उलटी. दिग्दर्शक धाकटीला "या मामा, बसा मामा" करायचा. थोरलीला तो "त्या शिवणाऱ्या बाई" म्हणायचा, तेही तिच्याशी बोलताना नाही, दुसऱ्यांना सांगताना.

घरी आणखी वाईट. सासूबाईंना रोज सगळा दिवस सविस्तर ऐकायचा असे, आणि ऐकून भागत नसे, करून दाखव म्हणायच्या. धाकटी ताटावरून उठून बादलीची माफी मागून दाखवायची. दीर टेबल बडवायचे. थोरलीने हे सगळं सोसलं. पण एका संध्याकाळी तिचा स्वतःचा नवरा हसला. हसला आणि त्याला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी तो थांबेना, हाताने खूण करून म्हणत होता, पुन्हा, पुन्हा.

थोरलीने त्याची पाठ चोळली. जरा जोरातच चोळली.

गुडघे

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी गोदामात पोचली. सुईला साबण चोळला आणि दोन्ही गुडघ्यांना कातडी पाव बोट आत घेतली. गुडघ्याशी चुण्या पडताहेत, असं तिने स्वतःला सांगितलं. चुण्या पडत नव्हत्या. धाकटीला धड चालता येऊ नये, दिग्दर्शक वैतागावा आणि त्याने म्हणावं की या बाईला जमत नाही, एवढंच तिला हवं होतं.

धाकटी सेटवर गेली. गुडघे वाकेनात. मग ती कमरेतूनच एकेक पाय उचलून पुढे टाकू लागली, जणू पाहुणा असल्यामुळे पायाखालच्या सतरंजीला त्रास द्यायचा नाही. पत्र्याच्या खोलीत थोरलीला आधी शांतता ऐकू आली आणि तिचा जीव भांड्यात पडला. मग जे हसणं फुटलं ते कटच्या नंतरही चालूच राहिलं. दिग्दर्शकाने तिथल्या तिथे मामाला चालायचे आणखी तीन प्रसंग लिहिले.

मान

थोरली एवढ्यावर हार मानणारी नव्हती. मानेत तिने बकरम घातलं, शर्टाच्या कॉलरीला घालतात ते, दोन पदरी. आता मामाला बाजूला बघायचं तर सगळं अंग फिरवावं लागणार होतं.

त्या दिवशीच्या प्रसंगात न्हावी आणि बायको मामाला मध्ये बसवून एकमेकांना विचारतात, तुमच्याकडे सगळे बरे आहेत ना? मामा सगळा न्हाव्याकडे वळला. मग सगळा बायकोकडे वळला. मग पुन्हा सगळा न्हाव्याकडे. कॅमेरावाल्याने कॅमेरा हलू नये म्हणून स्वतःची बाही दातांत धरली. पोस्टरवर पुढे तोच क्षण छापला.

हात

काखेत कातडी आवळली. हात खाली येईनासे झाले. मामा दोन्ही हात वर करून घरभर फिरला. पुढचं सांगायलाच नको.

टाके

कोणी म्हणेल, एवढं आवळत होती तर एक दिवस शिवण उसवली असती आणि चारचौघांत धाकटीची फजिती झाली असती. थोरलीच्याही ते मनात आलं होतं. रात्री अंथरुणावर पडून तिने तो प्रसंग डोळ्यांसमोर आणला: मामा वाकतो, टरकन आवाज होतो. इथवर छान वाटायचं. पण पुढे लगेच कोणीतरी विचारायचं, शिवलं कोणी हे? आणि सगळे पत्र्याच्या खोलीकडे बघायचे.

तिच्या हातची शिवण आजवर उसवली नव्हती. म्हणून ती जिथे जिथे कातडी आवळत होती तिथे तिथे दुहेरी टीप मारत होती. धाकटीला मेलीला श्वास पुरू नये, पण टाका मात्र हलू नये.

पाठ

शेवटच्या दिवशी मामा परत जातो. न्हाव्याच्या बायकोचा निरोप घेतो, यानाच्या शिडीशी जातो आणि मागे वळून न बघता चढतो. त्या दिवशी चेन लावताना थोरलीला धाकटीच्या पाठीत गुडघा रोवावा लागला. धाकटीने पोट आत ओढून घेतलं.

दिवे लागले. मामा निरोपाला उभा राहिला आणि तसाच राहिला. दिग्दर्शक हळूच म्हणाला, वा. त्याला तो अभिनय वाटला. न्हाव्याची बायको झालेली नटी खरंच रडायला लागली. थोरली त्या दिवशी दाराशी येऊन उभी होती, मामाच्या पाठीमागे. सात वळ्या तिने घातल्या होत्या, श्वासागणिक त्या कशा हलतात ते तिच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. आता एकही हलत नव्हती.

ती सरळ दिव्यांत शिरली. चेन अडकली. गळ्यातल्या दोरीला कात्री होतीच. मानेपासून कमरेपर्यंत तिने कातडी उभी चिरली, बकरम, स्पंज, अस्तर, आणि आपली दुहेरी टीपसुद्धा. दिग्दर्शक ओरडत होता की हे काय चाललंय, शॉट चांगला चालला होता. कोणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

धाकटीला बाहेर ओढून पालथ्या बादलीवर बसवलं. रंग परत यायला वेळ लागला. पाण्याचा पेला थोरलीनेच धरला.

"अगं, घट्ट होतंय म्हणून सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तुम्ही सैल केलं असतं."

थोरलीच्या हातातला पेला थांबला. "म्हणजे तुला कळत होतं?"

"आत मीच होते ना ताई. गुडघे केलेत त्या दिवशी वाटलं, झालं, यांनी माझा काटा काढला. पण मग सगळे हसले." तिने पेला स्वतःकडे ओढून घेतला. "तेव्हापासून रोज सकाळी वाट बघायची मी, आज ताईंनी काय आवळलं असेल."

थोरलीला वाटलं की आपल्याला लाज वाटते आहे. जरा वेळाने तिच्या लक्षात आलं की ही लाज नव्हे. सगळ्यांच्या आधी येऊन, स्वतःच्या हाताने, सुईला साबण चोळून तिने मत्सर केला होता. तेवढी एक गोष्ट तरी तिची स्वतःची होती. आणि धाकटीने तीही अंगात घालून मिरवली.

*

शिडीचा शॉट राहिला होता. धाकटीचे पाय लटपटत होते. तिने बसल्या बसल्या दिग्दर्शकाला सांगितलं की आता कातडी मोकळी झालीये, ताईंना बसेल. थोरली काही म्हणायच्या आत दोघांनी तिला कातडीत उभं केलं, आणि धाकटीने मागून लांब लांब टाके घालून पाठ जोडली. कच्चे टाके. दुसरी वेळ असती तर थोरलीने ते उसवायला लावले असते.

आत अंधार होता, बघायला दोन भोकं आणि तो शिळ्या पावाचा वास. ती चालली. कातडी सैल, गुडघे छान वाकत होते. कोणी हसलं नाही. दिग्दर्शक अदबीने म्हणाला, चालताय बरोबर, पण हा आपला मामा वाटत नाही.

मागून धाकटीचा आवाज आला. "ताई, मामा चपला दुसऱ्याच्या घालून आलाय आणि ते आता नवरा-बायको दोघांच्याही लक्षात आलंय, असं समजा."

थोरलीने तसं समजून एक पाय टाकला. कोणीतरी फिसकन हसलं. दुसरा टाकला. मग हसणं चारी बाजूंनी आलं, पत्र्याच्या भिंतीआडून यायचं तसं नव्हे, थेट अंगावर. ती शिडीपर्यंत ते ऐकत गेली आणि चढताना तिच्या मनात आलं, हे मला हसताहेत की तिच्या चपलांना?

चित्रपट लागला तेव्हा सगळं घर एका रांगेत बसलं होतं. शेवटी मामा शिडीकडे निघाला तशा सासूबाई शेजारच्या अनोळखी बाईंना म्हणाल्या, "ही आमची धाकटी सून."

"ती मी नाही, त्या ताई आहेत," धाकटी म्हणाली.

सासूबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. म्हणाल्या, किती मोठं मन आहे बघा हिचं. थोरलीचा नवरा ठसक्याने वाकला होता. थोरली त्याची पाठ चोळत पडद्याकडे बघत राहिली.

नाचणारा पोरगा निघून गेला त्याच दिवशी दुपारी दिग्दर्शक पत्र्याच्या खोलीत आला होता आणि मामा तुम्हीच करा म्हणून त्याने थोरलीला विचारलं होतं. तिने नको म्हणून सांगितलं. लोक हसतील, म्हणाली.