माझ्या पोटात गेलेला कापूस

मित्रांनो, आधी हात मागे घ्या. मी कुरुळीतलं एक जुनं कापूस पिंजायचं यंत्र आहे आणि माझा कुणावरही विश्वास नाही. लोकांच्या गाद्यांतून काय काय निघतं, तुम्हाला काय सांगू! हेअरपिना, बटणं, एकदा तर चक्क नटबोल्ट. माझे काटे त्यानेच वाकले.

आमच्याकडे गिऱ्हाईक समोर बसून कापूस पिंजून घेतं. नजर हटली की कापूस बदलला, हे सगळे धरूनच चालतात. नीलाताईही स्टूल ओढून बसल्या. लेक मैत्री बाळंतपणाला येणार होती. वारलेल्या आईची गादी उसवून ताईंना दोन गाद्या करायच्या होत्या, एक लेकीला, एक बाळाला. मला वाटलं, हिच्याही कापसात काहीतरी दडलेलं असणार.

माझा मालक खंडू. आसपासच्या कंपन्यांतल्या कामगारांना सगळं सुट्टीच्या दिवशीच हवं, म्हणून मला जोरात पळवायला त्यानं मोटारीला पट्ट्याचं मोठं चाक, मोठी पुली बसवलेली. मी गरगर फिरू लागलं. मला तेव्हाच शंका आली होती, पण यंत्राला विचारतं कोण?

तेवढ्यात मैत्रीचा फोन आला आणि ताई बोलत बोलत दाराबाहेर गेल्या. परतल्या तेव्हा निम्म्याहून जास्त कापूस पिंजून झाला होता. नुसत्या गुठळ्या आणि भुसा.

"खंडूभाऊ, हा माझ्या आईचा कापूस नाही."

"ताई, तुमचाच हाय. शपथ घेतो."

खंडूचा चेहरा उतरला. गावात एकदा चोर ठरलं की दुकानात कोण येतंय?

ताईंनी न पिंजलेला बोळा बोटांनी ओढला. लांब, चिवट तंतू निघाले. पिंजलेला ओढला, तर तुकडे. "आता माझ्यासमोर थोडा घाला," त्या म्हणाल्या. डोळ्यांदेखत त्याचेही तुकडेच झाले.

"तुम्ही बदलला नाहीत," ताई म्हणाल्या. "तोडलात."

"व्हय ताई. लई पळवलं याला. चुकलंच माझं."

खंडूनं जुनी लहान पुली चढवली. मी माझ्या चालीनं फिरलं तसा कापूस मऊ, फुललेला निघाला. पण तो बाळाच्या गादीपुरताच उरला होता. मला फार वाईट वाटलं.

ताईंनी स्वतःच फोन लावला. "बाळाची झाली गं. आजीच्याच कापसाची." मग त्यांनी तुकड्यांचा ढीग बाजूला सारला. "तुला विकतची घेऊ."

मित्रांनो, माणसांवर संशय घ्या, मी कशाला नको म्हणू? फक्त कापूस टाकण्याआधी एकदा माझ्या वेगावरही संशय घ्या.