बारावी चकती

प्रयोगशाळेतल्या ताईंनी भट्टीची किल्ली मुद्दाम आपल्या आईच्या हवाली केली होती. चिनीमातीसारखी पांढरी चकती भाजून झाली की दोन दिवस सावकाश निवू द्यावी लागते, आणि ताईंना तेवढा धीर कुठला? त्या दार उघडून डोकवायच्या, गार हवा आत शिरायची आणि चकती तडकायची. अशा अकरा वाया गेल्या होत्या. पाण्याच्या वाफेतून हायड्रोजन काढणाऱ्या यंत्रात ही चकती भिंतीसारखी मध्ये उभी राहते. तिला केसाएवढी चीर असली तरी वेगळे केलेले वायू पुन्हा एकत्र होतात. त्यात चकतीची खास पावडर संपली होती. ही बारावी फुटली की काम बंद.

तिसऱ्या दिवशी सकाळी आई किल्ली घेऊन स्वतःच आली.

"लहानपणी बी पेरलं की रोज उकरून बघायचीस," ती म्हणाली. "एक रोप धड आलं नाही तुझं!"

"आई, सगळ्यांसमोर नको गं!"

ताईंनी चकती कोऱ्या कागदावर ठेवून वर लाल शाईचा थेंब सोडला. चीर असती तर शाई खाली झिरपली असती. दहा मिनिटं त्या हात मागे बांधून उभ्या राहिल्या. मग त्यांनी चकती उचलली.

कागद पांढराशुभ्र होता.

ताई मटकन स्टुलावर बसल्या आणि डोळे पुसत हसू लागल्या. आईने भट्टीला कुलूप लावलं.

"किल्ली देऊ का परत?"

"नको गं बाई," ताई म्हणाल्या, "तुझ्याकडेच राहू दे."